सहाव्या मजल्यावरच्या बाई

४ जून

वन्सं,

पाकीट बघूनच तुम्ही दचकला असाल. फोन हाताशी असताना ही बया पत्र कशाला लिहितेय? आधी सांगते, सगळे धडधाकट आहेत. फोन करत नाही, कारण तुमचा भाऊ सध्या दिवसभर घरात असतो, आमच्या खोल्या दोन, आणि त्याचे कान तुम्हाला माहीत आहेत. तळमजल्यावर उभा राहून वरच्या मजल्यावरच्या लिफ्टची कुरकुर ओळखणारा माणूस, त्याला शेजारच्या खोलीतली कुजबुज ऐकू येणार नाही होय? म्हणून बेकरीच्या मागच्या खोलीत, ट्रे धुऊन झाल्यावर लिहायला बसलेय. उत्तर बेकरीच्याच पत्त्यावर पाठवा. कागदाला लोणी लागलंय, त्याला हसू नका.

मागे फोनवर तुम्ही म्हणालात, "आईचं शिलाई मशीन मी परस्पर देऊन टाकलं म्हणून बारक्या माझ्यावर रुसलाय, माझ्याकडे फिरकत नाही." मी तेव्हा गप्प बसले, कारण तो समोरच होता. वन्सं, मशीनचा काडीचा संबंध नाही. तुम्ही सातव्या मजल्यावर राहता, हे त्याचं कारण आहे.

मार्चमध्ये तो एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टच्या टपावर चढून काम करत होता. मधेच वीज गेली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि फोन हातातून निसटून खाली खड्ड्यात पडला. सुट्टीचा दिवस, इमारतीत चिटपाखरू नाही. अंधारात एकटाच हाका मारत राहिला. संध्याकाळी वॉचमनला ऐकू आलं तेव्हा सुटका झाली. अंगावर ओरखडासुद्धा नाही. सगळे म्हणाले, थोडक्यात वाचलास. तोही हसला.

पण त्या दिवसापासून त्याला लिफ्टमध्ये पाय टाकवत नाही. आठवतंय ना, कुठल्याही इमारतीत गेला की आधी लिफ्टच्या दारावर तळहात ठेवायचा, पोराच्या कपाळाला लावावा तसा, आणि म्हणायचा, "बरी आहे." आता दार दिसलं की हात खिशात आणि कपाळावर घाम. तुमच्याकडे जिन्याने चढून येईल, पण तुम्ही विचारणार, "लिफ्ट चालू असताना जिना कशाला?" त्याचं उत्तर त्याच्याकडे नाही. लाजतो हो तो. सहा फुटी माणूस, लाजतो.

साहेब भला आहे. रजा दिलीय आणि ऑक्टोबरपर्यंतची मुदत. तोवर लिफ्टवर परत चढला नाही तर कायमचा गोदामात, नटबोल्ट काढून द्यायला. पगार कमी होणार नाही म्हणे. पण वन्सं, लिफ्टशिवाय बारक्या म्हणजे काय उरतं ते तुम्हीच सांगा.

आता खरी बातमी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप! याच्यावर उपचार आहेत! मी कंपनीच्या डॉक्टरीणबाईंना गुपचूप भेटून आले. त्या म्हणाल्या, "अशी भीती बसते आणि उतरवताही येते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. नुसतं गोड बोलणारं कुणी नको, त्याच कामाचं शिक्षण घेतलेलं आणि नोंदणी झालेलं माणूस हवं. आणि कंपनीच्या विम्यात बसतं का ते आधी विचारा." वन्सं, मी जिना तीन-तीन पायऱ्या गाळत उतरले. उद्यापासून फोन फिरवायला लागते.

त्याला यातलं काही माहीत नाही. तुम्ही तोंड उघडायचं नाही.

तुमची फटाकडी

९ जून

फटाकडे,

पत्र ग्रंथालयातून घरी आल्यावर वाचलं. घरी पोचेपर्यंत उघडायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून आज पुस्तकं परत घेताना दोनदा चुकीच्या कपाटात लावली.

आधी मनातलं सांगते. मला बरं वाटलं. भाऊ आजारी आहे हे कळून बरं वाटणारी बहीण जगात मी एकटीच असेन. पण गेले तीन महिने मी त्या मशीनच्या नावाने स्वतःला बोल लावत होते, आणि तो मात्र माझ्या दाराशी येऊन काय सांगायचं या धास्तीने तिकडे बसून होता. वेडा कुठला. आईनेच त्याला सवय लावली, "रडू नकोस, तू घरातला पुरुष." तेव्हा पुरुषाचं वय सात होतं.

बाकी तुझा उत्साह बघून घाबरले. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, तशातली तू. सायकॉलॉजिस्ट शोधणं सोपं आहे, बारक्याला तिथे नेणं अवघड. तो दाताच्या डॉक्टरकडेही गेला नव्हता. दाराच्या कडीला दोरा बांधून दात स्वतः पाडला आणि वर दाराची बिजागरी सैल झालीय म्हणून तीही घट्ट केली.

आमच्या ग्रंथालयात दर महिन्याला एक गृहस्थ भाषण करतात, "मन जिंका" वगैरे. लोक टाळ्या फार वाजवतात. त्यांना विचारू का? फी घेत नाहीत.

तोंड उघडणार नाही. माझं तोंड म्हणजे कुलूपबंद कपाट.

तुझी थोरली नणंद

१५ जून

वन्सं,

मन जिंकणाऱ्या गृहस्थांना तिकडेच टाळ्या घेऊ द्या. फी घेत नाहीत यातच सगळं आलं.

वन्सं, सापडल्या! बाई सापडल्या! पण नमनाला घडाभर तेल कसं गेलं तेही ऐका, नाहीतर मी कशी कशी मेले ते कुणाला कळायचं नाही.

पहिल्यांदा विमा कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मानसिक उपचार बसतात मॅडम, पण पेशंट ॲडमिट असेल तरच." मी म्हटलं, "अहो, त्याला कशाला ॲडमिट करू? जायचं, बसायचं, बोलायचं, घरी यायचं." ती म्हणाली, बघून सांगते. सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला तर दुसरी मुलगी. ही चांगली निघाली. म्हणाली, "तुमच्या कंपनीने घेतलेल्या विम्यात बाहेरून जाऊन घ्यायचे उपचारही आहेत. मात्र नोंदणी झालेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हवा, आमच्या यादीतला हवा, आणि आधी डॉक्टरांची चिठ्ठी हवी." मी तिच्याकडून तेच तीनदा वदवून घेतलं. तीही कंटाळली नाही.

मग यादी घेऊन बसले. स्थळं बघण्यासारखंच की हो! पहिल्या नंबरवर आता दातांचा दवाखाना आहे. दुसऱ्या बाई परदेशी गेल्या. तिसरे फक्त लहान मुलांना बघतात. मी म्हटलं, आमचं मूल सहा फुटी आहे, चालेल का? फोन ठेवला त्यांनी. चौथीकडे तर सगळं जुळत आलं होतं, आणि शेवटी म्हणाल्या, "यादीत नाव आहे आमचं, पण विमा घेणं आम्ही बंद केलंय." तेव्हा मला अक्कल आली. नुसत्या विमावाल्यांना विचारून भागत नाही, दवाखान्यालाही विचारायचं. दोन्हीकडून होकार आला तरच पुढे सरकायचं.

मला रडू फुटायच्या बेताला आलं होतं. तेवढ्यात पाचवा पत्ता वाचला. वन्सं, आमच्या बेकरीच्या समोरची इमारत! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बाई दर आठवड्याला आमच्याकडून गव्हाचा पाव नेतात. मी त्यांना किती वेळा म्हटलंय, "कालचा घेऊ नका, ताजा निघतोय, थांबा." त्या सायकॉलॉजिस्ट आहेत हे मला काय माहीत! पाव नेणाऱ्या माणसाला कोण विचारतंय.

तशीच एप्रन सोडून समोर धावले. काउंटरवरच्या मुलीने सगळं नीट सांगितलं. नोंदणी आहे, असल्या भीतीवर त्या नेहमीच काम करतात, आमचा विमा घेतात, पैसे परस्पर विमा कंपनीकडून येतात. तिथूनच विमा कंपनीला फोन लावला आणि पुन्हा खात्री केली. दोन्हीकडून होकार! मी त्या मुलीला काउंटरवरूनच मिठी मारली. तिच्या केसांना मैदा लागला.

आता दोन गोची. एक, भेट मी ठरवू शकत नाही. पेशंट मोठा माणूस असेल तर त्याने स्वतः फोन करायचा, असा बाईंचा नियम आहे. बरोबरच आहे म्हणा. पण आपला माणूस कसा फोन करणार?

आणि दुसरी गोची. तिथे वर धावताना मला उत्साहात कळलंच नाही, खाली आल्यावर कळलं. बाईंचा दवाखाना सहाव्या मजल्यावर आहे.

तुमची फटाकडी

१९ जून

फटाकडे,

सहाव्या मजल्यावर! मी ग्रंथालयात इतकी मोठ्याने हसले की वाचकांनी मला "शू" केलं. जन्मभर मी त्यांना करत आले, आज वसूल झालं.

हसून झाल्यावर डोळे पुसले. बाकी तू कमाल केलीस. मी तुला लग्नात "ही पोर फार बोलते" म्हणाले होते. आता म्हणते, बोलत राहा.

फोनचं माझ्यावर सोड. मी एक शक्कल लढवलीय. काय ते सांगत नाही, कारण तुझ्या चेहऱ्यावर सगळं उमटतं. एवढंच सांगते की बारक्या स्वतःसाठी कुठे हात पसरायचा नाही, पण माझ्यासाठी पसरेल. लहानपणापासून तसाच आहे. स्वतःच्या खरचटलेल्या गुडघ्यावर फुंकर मारायचा नाही, माझ्या चपलेचा अंगठा तुटला तर गाव पालथं घालायचा.

कुलूपबंद कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे, काळजी नको.

थोरली

२४ जून

वन्सं, वन्सं, वन्सं!

काय केलंत हे! आधी तुमच्यावर इतकी संतापले होते की पत्राचे तीन कागद फाडले. आता चौथ्यावर आशीर्वाद मागतेय.

मी बेकरीतून घरी आले तर तुमचा भाऊ टेबलाशी ताठ बसलेला. म्हणाला, "ताईची तब्येत बरी नाही. सांगू नको म्हणालीय. तिला झोप लागत नाही, छातीत धडधडतं. तिला सायकॉलॉजिस्ट हवाय आणि विम्याचं तिला काही कळत नाही, म्हणून मला बघायला सांगितलंय." मी म्हटलं, "अगं बाई!" आणि पदराआड तोंड लपवलं. त्याला वाटलं मी रडतेय. मलाही खरंच वाटायला लागलं, वन्संना काही झालंय की काय!

सगळी दुपार तो फोनवर होता. किती प्रेमाने विचारत होता! "ॲडमिट नसेल तरी चालतं का? नोंदणी कुठे बघायची? दवाखान्याला वेगळं विचारायला लागतं का?" तेच सगळे प्रश्न, जे मी विचारले होते. मी आत कणीक मळत होते, मळतच राहिले.

शेवटी त्याने विचारलं, "माझ्या कंपनीच्या विम्यात माझी बहीण बसते का?" पलीकडे ती चांगली मुलगी असणार. मला तिचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण त्याचा आवाज बदलला तो ऐकू आला. "काय? माझ्या नावाने? कधी?" मग बराच वेळ नुसतं "हं." नंतर कळलं, ती म्हणाली, "बहीण बसत नाही साहेब. पण तुमच्यासाठी चौकशी झालीय ना, सहाव्या मजल्यावरच्या बाईंकडची. तिचं पुढे काय झालं? भेट ठरली का?"

फोन ठेवून तो दारात येऊन उभा राहिला. माझे हात पिठात. म्हटलं, आता फुटणार. तो एवढंच म्हणाला, "तू आणि ताई. दोघी मिळून."

"हो," म्हटलं, "दोघी मिळून. मग काय करायचं होतं? तुला गोदामात जाऊ द्यायचं?"

"मला वेड लागलंय असं वाटतं तुला?"

तेव्हा मी बोलायची ती बोललेच. "लिफ्टचा वेग आवरणारा तो गव्हर्नर बिघडला की लिफ्टला वेडी म्हणतोस का तू? जाणकार माणूस बोलावतोस. मग स्वतःच्या बाबतीत जाणकार माणूस का नको?" त्याने खाली बघितलं. मला म्हणाला, "गव्हर्नर बिघडला तर लिफ्ट जागीच थांबते." आणि मग हळूच, "तसंच झालंय खरं."

मग म्हणाला, "सहावा मजला?" मी म्हटलं, "सहावा." आणि वन्सं, तो हसला. मार्चनंतर पहिल्यांदा खरं हसला. "ती बेकरीसमोरची इमारत ना? तिची लिफ्ट मीच बसवलीय."

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी त्याने स्वतः आणली. दवाखान्यात फोनही स्वतः केला. मी शेजारी उभी राहून त्याच्या शर्टाचं बटण पिळत होते, ते तुटलं.

तुमची फटाकडी

ता. क. तुम्हाला खरंच धडधडत नाही ना?

२८ जून

फटाकडे,

धडधडतं. तुझं पत्र उघडताना धडधडतं, एरवी नाही.

माझी शक्कल अशी होती की माझ्यासाठी फोन करता करता त्याची भीड चेपेल, मग मी म्हणेन, "आता एक तुझ्यासाठी कर." विमा कंपनीतली मुलगी माझ्या आधीच पोचली. देव तिचं भलं करो.

खोटं बोलले याचं मला वाईट वाटत नाही. तो माझ्यासाठी सगळी दुपार फोनला चिकटून होता, याचं मात्र रडू आलं. माझ्याकडे जिन्याने चढून आला तरी चालेल असं त्याला मी सांगू का? नको. तू म्हणशील तसं.

थोरली

१२ जुलै

वन्सं,

पहिली भेट झाली! तो सहा मजले जिन्याने चढला, मी मागून. दाराशी पोचलो तेव्हा दोघांनाही बोलता येत नव्हतं. काउंटरवरच्या मुलीने कागद बघितले, विमा कंपनीचा होकार बघितला, म्हणाली, "सगळं बसतंय." मला वाटलं होतं शेवटच्या क्षणी काहीतरी खुसपट निघणार. निघालं नाही! मी पुन्हा मिठी मारायला पुढे झाले तर ती मागे सरकली.

मला बाहेर बसवलं. आतून सगळा वेळ त्याचाच आवाज. बाहेर आला तेव्हा चेहरा उजळलेला. म्हणाला, "बाईंनी मला विचारलं, लिफ्ट पडत का नाही? मग मी सांगितलं." वन्सं, त्याने बाईंना पूर्ण वेळ लिफ्ट शिकवली! दोर किती असतात, एक तुटला तर काय होतं, वेग वाढला तर काय पकडतं. बाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या डोक्याला सगळं माहीत आहे. अंगाला अजून कळलेलं नाही. आपण अंगाला शिकवू, हळूहळू."

पुढच्या वेळी नुसतं दारासमोर उभं राहायचंय. मग दार उघडं ठेवून एक पाय आत. मग दोन. बाई बरोबर राहणार. म्हणाल्या, भीती वर चढेल, तिला चढू द्यायचं, आपण तिथेच थांबायचं, मग ती आपली आपण उतरते.

जिना उतरताना तो म्हणाला, "ताईला इतक्यात काही सांगू नको." तर मी काही सांगितलेलं नाही.

तुमची फटाकडी

५ ऑगस्ट

फटाकडे,

मला काहीही माहीत नाही. काहीही माहीत नसल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. मी विचारणार नव्हते, तरी विचारते. सगळं ठीक ना?

इकडे आमची लिफ्ट अलीकडे तिसऱ्या मजल्यावर आली की खोकते. सोसायटीवाले म्हणतात काही नाही. मी बारक्याला सांगणार होते, मग म्हटलं नको, त्याला उगाच घाई झाल्यासारखं वाटायचं. त्याला म्हणावं, माझं घर कुठे पळून जात नाही. सातव्यावरच आहे.

थोरली

२ सप्टेंबर

वन्सं,

लिहिलं नाही, कारण चांगलं लिहिण्यासारखं नव्हतं आणि वाईट लिहायला हात होईना.

जुलै छान गेला. दोन पाय आत, दार बंद, एक मजला. मी हवेत होते. मग ऑगस्टमध्ये बाईंबरोबर दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला आणि दिवा नुसता लुकलुकला. दार उघडल्याबरोबर तो बाहेर धावला आणि जिन्यावर बसून राहिला. घरी येऊन म्हणाला, "पालथ्या घड्यावर पाणी आहे. गोदाम काय वाईट आहे?"  

पुढच्या भेटीच्या दिवशी मी बेकरीतून समोर बघत होते. वेळ झाली, तो दिसेना. माझ्या हातातला केकचा ट्रे तसाच. मालक ओरडले. आणि मग रस्ता ओलांडून येताना दिसला. बेकरीत बघितलंही नाही, सरळ आत गेला. वन्सं, मी ट्रे खाली ठेवला आणि मालकांसमोर रडले. त्यांनी मला एक केक दिला, कडेने करपलेला होता, तरी दिला.

नंतर कळलं, बाई म्हणाल्या, "गेल्या वेळी तुम्ही जिन्यावर बसलात, घरी पळाला नाहीत. आज तिथूनच पुढे." विम्यातल्या भेटी संपत आल्या होत्या, तर त्यांनी स्वतः लिहून दिलं आणि विमा कंपनीने आणखी मंजूर केल्या. कुणी केल्या सांगा? त्याच चांगल्या मुलीने! तिने फोनवर विचारलं, "साहेब लिफ्टमध्ये बसले का हो?" मी म्हटलं, "बसताहेत, बसताहेत."

काल तो बाईंबरोबर सहाव्यापर्यंत गेला. येताना एकटा. मी खाली दारापाशी उभी होते. दार उघडलं, तो बाहेर आला, शर्ट भिजलेला, आणि मला म्हणाला, "वाटेत भीती आली होती. तिसऱ्यावर उतरून गेली."

तुमची फटाकडी

ता. क. तुमची लिफ्ट खोकते हे मी चुकून बोलून गेले. त्याने रात्री हत्यारांची पेटी पुसून ठेवली.

रविवार, सकाळ

ताई,

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. तुझ्या दाराखालून सरकवलंय. अक्षर वेडंवाकडं आहे, कारण तुझ्या लिफ्टमध्ये उभा राहून लिहितोय. पुन्हा पुन्हा खालीवर करतोय, मघाशी तुमचे एक शेजारी मला विचारूनही गेले, "कुठे जायचंय तुम्हाला?" मी म्हटलं, "इथेच."

फटाकडी खाली उभी आहे. तिला वर आणलं नाही, एकट्याने यायचं होतं. उद्यापासून कामावर जातोय. मशीन दिलंस ते बरं केलंस, त्याची सुई मीच मोडली होती.

तिसऱ्या मजल्यावरचं खोकणं ऐकलं. दाराची पट्टी घासतेय, पेटी आणलीय, जेवण झाल्यावर बसवतो. दारावर हात ठेवून बघितला. बरी आहे.

मीही.

बेल वाजवत नाहीये, कारण तुझ्या पावलांचा आवाज आधी ऐकायचाय. ताई, ऊठ. दार उघड.